वेल कोणत्या फांदीवर फुलते?



काही वर्षांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला गेल्या होत्या. फेब्रुवारी महिना होता. लेकीच्या घरामागे हातभर अंगण आणि अंगणाच्या भिंतीवर एक जुनी वेल, वाळल्यासारखी, नुसते काटक्यांचे जाळे. एके सकाळी शेजारचे म्हातारे गृहस्थ कात्री घेऊन बाहेर आले आणि आपल्या कुंपणावरची तशीच दिसणारी वेल त्यांनी जमिनीपासून फूटभर ठेवून सपासप कापून टाकली. मावशींचा सारा जन्म वाडीत गेलेला. थंडीत मोगरा छाटला नाही तर उन्हाळ्यात कळ्या धरत नाहीत, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. लेक झोपली होती, बाळ झोपले होते, हात रिकामे होते. त्यांनी कात्री शोधली आणि लेकीची वेलही तशीच कापून अंगण स्वच्छ केले.

मे महिन्यात त्या गल्लीतल्या कितीतरी भिंतींवर गुलाबी फुलांचे पडदे उतरले. लेकीच्या भिंतीवर नुसती पाने. लेक काही बोलली नाही. पण आदल्या वर्षीचा फोटो तिने दाखवला तेव्हा मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. आणि जुलैत शेजाऱ्यांची ती फूटभर ठेवलेली वेल जांभळ्या फुलांनी अशी भरली की पान दिसेना! परत आल्यावर मिस्सानंतर मावशींनी आम्हांला हे सांगितले ते हसत हसतच. "फादर, वाडीत म्हातारी झाले आणि तिकडे जाऊन लेकीची फुलं कापून आले. शेजाऱ्याची वेल पाहिली, आपली पाहिलीच नाही."

मावशींचे ते शेवटचे वाक्य आमच्या मनातून गेले नाही. म्हणून या वेलीविषयी थोडे वाचले, थोडे त्यांच्या लेकीला विचारले. ते आज आपल्यापुढे ठेवतो.

या वेलीचे नाव क्लेमॅटिस. युरोपातील बागांची ती लाडकी वेल आहे. पण आपल्याला ती अगदीच परकी नाही. पावसाळा सरल्यावर सह्याद्रीच्या रानात झुडपांवर पांढऱ्या फुलांचे घोस सांडलेले दिसतात आणि पुढे पिसांसारख्या शेपट्या असलेल्या बिया झुलू लागतात, त्या मोरवेल आणि रानजाई याच कुळातल्या. बागेतल्या मोठ्या फुलांच्या जाती मात्र आपल्या किनाऱ्यावर रमत नाहीत. त्यांना थंडीत झोपायला लागते, आणि आपल्याकडे थंडी येते ती चार दिवसांची पाहुणी म्हणून.

या वेलीच्या छाटणीचे तीन प्रकार आहेत. एक प्रकार मागच्या वर्षीच्या जुन्या फांदीवर फुलतो. त्याच्या कळ्या थंडीतच फांदीच्या पोटात तयार असतात. वरून फांदी मेलेली दिसते, पण तिच्यात सारा मे महिना दडलेला असतो. तिला कात्री लावायची ती फुले होऊन गेल्यावर, तीही गरज असेल तरच. मावशींच्या लेकीची वेल या जातीची. दुसरा प्रकार त्याच वर्षी आलेल्या नव्या फुटव्यावर फुलतो. त्याला थंडी संपता संपता जमिनीपासून फूटभर ठेवून, दोन सशक्त डोळ्यांच्या वर निर्दयपणे कापावे लागते. न कापल्यास खाली नुसता गुंता आणि दोनचार फुले पार टोकाला, छपरापलीकडे. शेजाऱ्यांची वेल ही. आणि तिसरा प्रकार या दोहोंमधला. त्याची पहिली फुले जुन्या फांदीवर, नंतरची नव्यावर. त्याचे मेलेले तेवढे काढायचे, बाकी हलक्या हाताने. कात्री तीच, महिना तोच, माळ्याची मेहनतही तीच. एका वेलीला त्याने फूल येते, दुसरीचे जाते.

आपल्यापैकी वाडीवाल्यांना यात नवल वाटणार नाही. मोगरा छाटतो म्हणून मोहोराच्या तोंडावर कोणी आंब्याची टोके छाटत नाही. नाशिककडचे द्राक्ष बागाईतदार तर एकाच वेलीला वर्षातून दोनदा कापतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार व्हावी, तिच्यात डोळे धरावेत म्हणून. त्या छाटणीतून घड मिळत नाही. घड मिळतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. एप्रिलमध्ये बागेत जाऊन कोणी म्हणेल की एवढे कापले आणि फळ कुठे, तर शेतकरी त्याला चहा पाजून घरी पाठवील.

योहानच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, आपल्याला फांद्या म्हणतो आणि पित्याला माळी. हा दाखला आपण पुनरुत्थानकाळात ऐकतो, आणि ऐकताना आपले लक्ष बहुधा कापण्याकडे जाते. आपण फळ देतो की नाही? आपल्याला तोडून टाकणार काय? पण त्या चित्रात कात्री कोणाच्या हातात आहे, हे आपण पाहत नाही. ती पित्याच्या हातात आहे. एकाही फांदीच्या हातात प्रभूने कात्री दिलेली नाही. मूळ ग्रीक शुभवर्तमानात छाटण्यासाठी जे क्रियापद वापरले आहे, त्याचा अर्थ स्वच्छ करणे असाही होतो, आणि लगेच पुढे प्रभू शिष्यांना सांगतो की माझ्या वचनाने तुम्ही आधीच स्वच्छ झाला आहात. म्हणजे पित्याची कात्री म्हणजे त्याचे वचन. ते आपल्याला कापते. पण कोणती फांदी कोणत्या ऋतूत फुलते हे जाणून कापते.

आपण मात्र शेजाऱ्याची वेल पाहून कात्री उचलतो. दहावीच्या वर्षी मुलाचे फुटबॉल बंद, गिटार कपाटावर, मित्रांना घरी येण्यास बंदी. कारण समोरच्या घरातल्या मुलाने असेच करून नव्वद टक्के मिळवले. एखाद्या मुलाला त्याची गरजही असेल, नाही असे नाही. काही मुले नव्या फुटव्यावरच फुलतात, त्यांना मोकळे सोडले तर सारी शक्ती पानांत जाते. पण दुसऱ्या एखाद्याच्या त्याच जुन्या काटक्यांत त्याचा सारा वसंत असतो. आईबापांनी कापण्यापूर्वी एक वर्ष नुसते पाहावे, असे आम्हांला वाटते. इंग्लंडचे जाणते माळीही नव्या घरात आयत्या मिळालेल्या, नाव ठाऊक नसलेल्या वेलीबाबत हेच सांगतात: एक वर्ष कात्री लावू नका, ती केव्हा फुलते ते पाहा.

लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाचा माळी आठवा. मालक तीन वर्षे वाट पाहून कंटाळला आहे, तोडून टाक म्हणतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो, आणि नुसते वर्ष मागत नाही. भोवती खणीन, खत घालीन म्हणतो. कात्रीआधी कुदळ आणि खत! आमच्यासारख्या धर्मगुरूंनीही व्यासपीठावर चढण्यापूर्वी हे आठवायला हरकत नाही.

आता या वेलीच्या एका माळ्याची ओळख करून देतो, कारण तो आपल्यापैकीच होता. ब्रदर स्तेफान फ्रांचाक हे पोलंडमधील येशूसंघीय व्रतस्थ. १९१७ सालचा जन्म. १९४८ साली ते येशूसंघात दाखल झाले, धर्मगुरू म्हणून नव्हे तर ब्रदर म्हणून, आणि वॉर्सा शहरात राकोविएत्स्का रस्त्यावरील येशूसंघीयांच्या मठात बागेचे काम त्यांच्याकडे आले. त्या बागेत त्यांनी क्लेमॅटिसच्या साठाहून अधिक नव्या जाती तयार केल्या, आणि त्यांतल्या कित्येक आज जगभरच्या बागांत वाढतात. मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसचे बी कधी वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ मातीत पडून राहते, मग उगवते. त्यानंतर फूल दिसायला आणखी काही वर्षे. आणि ते फूल पाहून बहुतेक रोपे बाजूला काढावी लागतात. असे काम करणाऱ्याला घाई नसते. एका पांढऱ्या, मध्ये फिकट गुलाबी छटा असलेल्या फुलाला त्यांनी संत पोप जॉन पॉल दुसरे यांचे नाव दिले. एकाला कार्डिनल विशिन्स्की यांचे, एकाला संत उर्सुला लेदुखोव्स्का यांचे. एका फिकट निळ्या फुलाचे नाव निळा देवदूत. निळ्या देवदूताला दरवर्षी सपाट कापावे लागते. जनरल सिकोर्स्की नावाच्या जांभळ्या वेलीला मात्र हलका हात पुरतो. देवदूताला कडक छाटणी आणि सेनापतीला सौम्य, हे वाचून आम्हांला गंमत वाटली.

पण ज्या मठाच्या आवारात ही फुले उमलली, तिथे १९४४ साली काय घडले हेही सांगितले पाहिजे. वॉर्साचा उठाव सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, २ ऑगस्ट रोजी, नाझी सैनिक त्या मठात शिरले आणि त्यांनी सुमारे ४० जणांना ठार मारले. त्यांत १६ येशूसंघीय होते, आठ धर्मगुरू आणि आठ ब्रदर. सहा वर्षांनी त्याच आवारात एक ब्रदर माती उकरत होता.

इथे प्रवचनकाराला मोह होतो. पाहा, देवाने छाटले आणि मग फुले आली, असे म्हणून टाकण्याचा. आम्ही तसे म्हणणार नाही. ती छाटणी नव्हती, तो खून होता. कार्डिनल विशिन्स्की यांना १९५३ साली कम्युनिस्ट सरकारने अटक करून तीन वर्षे स्थानबद्ध ठेवले. त्या बंदिवासात त्यांनी पोलिश जनतेच्या नवसाची प्रार्थना लिहिली, आणि १९५६ च्या ऑगस्टमध्ये यास्ना गोरा येथे लाखो भाविकांसमोर ती वाचली गेली तेव्हा कार्डिनलांची खुर्ची रिकामी होती. २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना धन्यवादित घोषित केले. बंदिवासातून फळ आले हे खरे; पण त्यामुळे तुरुंगाधिकारी काही देवाचा माळी ठरत नाही.

हे आम्ही एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण आम्ही स्वतः इथे चुकलो आहोत. काही वर्षांपूर्वी एका तरुण मुलाच्या अंत्यविधीत आम्ही म्हणालो की देव आपल्या बागेतली सर्वांत सुंदर फुले लवकर खुडतो. सांत्वन करावे हाच हेतू होता. महिन्याने त्याची आई आम्हांला भेटायला आली. रागावलेली नव्हती. तिने एवढेच विचारले, "फादर, त्याला फुलं कमी होती का?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही. त्या दिवसापासून ते वाक्य आम्ही कोणाच्याही दारात उच्चारलेले नाही.

क्लेमॅटिसच्या माळ्यांना हा फरक चांगला ठाऊक असतो. छाटणी वेगळी आणि मर वेगळी. हरभऱ्याला, डाळिंबाला मर लागते ती आपल्याकडचे शेतकरी जाणतात. या वेलीलाही मर आहे. एका बुरशीमुळे ती येते, आणि बहुधा ऐन कळ्या उमलायच्या वेळी. काल हिरवीगार असलेली वेल आज सकाळी माना टाकते, पाने-देठ काळे पडतात. माळ्याने काही चुकीचे केलेले असतेच असे नाही. कोणाला शिक्षा झालेली नसते. अशा वेळी जाणता माळी काय करतो? रोगट भाग कापून लांब नेऊन नष्ट करतो, गरज पडल्यास थेट जमिनीपर्यंत कापतो. पण मूळ उपटत नाही. त्या जागी काडी खोचून ठेवतो, म्हणजे कोणाच्या पायाखाली ती जागा येऊ नये. पाणी घालत राहतो. कधी त्याच उन्हाळ्यात, कधी पुढच्या वर्षी, मातीतून कोंब वर येतो.

तो कोंब येतो कुठून? यासाठी लावणी करतानाच एक काळजी घेतलेली असते. इतर रोपे कुंडीत जेवढी खोल असतात तेवढीच आपण जमिनीत लावतो. खोड पुरले तर कुजेल म्हणतो. मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसला मात्र दोन-तीन इंच अधिक खोल लावतात, मुद्दाम, खोडावरचे एक-दोन डोळे मातीखाली जातील असे. त्या डोळ्यांना वर्षानुवर्षे काही काम नसते. वर फुले येतात, लोक फोटो काढतात, खाली ते गप्प पडून असतात. ज्या वर्षी मर येते त्या वर्षी तेच कामाला येतात.

लहानपणी आजीबरोबर गुडघे टेकून म्हटलेली रोजरी, पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी पाठ केलेले प्रश्नोत्तर, आजोळच्या चर्चमधला मेणबत्तीचा वास... आज त्याचा काही उपयोग दिसत नाही, मुले कंटाळतात. कंटाळू देत. थोडे मातीखाली जाऊ द्या. त्या आईला कशाने आधार मिळाला असे आम्ही पुढे एकदा धीर करून विचारले. ती म्हणाली, प्रार्थना सुचत नव्हती, देवाशी बोलायचे नव्हते. पण संध्याकाळी हात आपोआप रोजरीच्या माळेकडे जायचा, लहानपणची सवय. शब्द आपले आपण येत. प्रवचनातून तिला काही मिळाले असे ती म्हणाली नाही.

या वेलीची आणखी एक गोष्ट आम्हांला फार आवडली. तिला दोडक्याच्या किंवा द्राक्षाच्या वेलीसारखे धागे नसतात. ती चढते ती पानांच्या देठांनी. देठच आधाराभोवती वेढा घेतो. देठ तो केवढा! जाड खांबाला त्याचा वेढा बसत नाही. म्हणून संगमरवरी स्तंभाशेजारी लावलेली क्लेमॅटिस खाली कोसळून पडते आणि एका सुतळीला धरून वर जाते. मुळांना सावली, शेंड्याला ऊन, आणि धरायला पेन्सिलीहून जाड नसलेले काहीतरी, एवढीच तिची मागणी. आपल्याकडे खांबांना तोटा नाही. चर्च आहे, शाळा आहे, समित्या आहेत, जयंत्या आणि नोव्हेना आहेत. नव्या इमारतींत मुंबईहून राहायला आलेली कुटुंबे रविवारी मागच्या बाकावर बसून निघून जातात, आणि आपण म्हणतो, ते मिसळत नाहीत. त्यांना धरायला सुतळी कोणी बांधली आहे? शेजारच्या बाकावरून विचारलेले नाव, पावसात दिलेली अर्धी छत्री, आजारपणात नेऊन दिलेली पेज. झाड हलवतानाही मुळांभोवतीची जुनी माती शक्य तितकी बरोबर घ्यायची असते, आणि जुनी, मोठी वेल हलवली तर कित्येकदा ती जगत नाही. या माणसांनी स्वतःला मुळासकट हलवले आहे. ती एक-दोन वर्षे फुलली नाहीत तर आपण तोंड वाकडे करू नये.

शेवटी आमच्या हातातल्या कात्रीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आम्ही आणि धर्मग्राम समितीने मिळून ठरवले की रविवारच्या आठच्या मिस्साला तरुणांचा गायनवृंद गाईल. शेजारच्या धर्मग्रामात तसे केले होते आणि तिथे मुले गर्दी करू लागली होती. निर्णय चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. मुले छान गातात, आपण सर्व ऐकतो. पण त्यासाठी जुन्या गायकांना आम्ही सरळ बसायला सांगितले. पत्र नाही, भेट नाही, एका रविवारी नुसती सूचना. बारा जण होते, त्यांतल्या नऊ मावश्या, काही चाळीस वर्षे गात आलेल्या. कोणी तक्रार केली नाही. ती मंडळी सहाच्या मिस्साला जाऊ लागली आणि मागे बसू लागली. आम्हांला ते शांततेचे लक्षण वाटले.

या वर्षी त्यांच्यापैकी एक वारल्या. शवपेटी उचलताना पूर्वी जे गीत गात, ते कोणी गाईना. तरुणांना ते माहीत नव्हते. छापील पुस्तकात ते नाही. जुन्यांपैकी ज्या हजर होत्या त्यांना गाऊ की नको कळेना, आणि त्या आमच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. शवपेटी मुकाट्याने दारातून बाहेर गेली. ज्या बाईने आपल्या कितीतरी घरच्या माणसांना त्या गीताने निरोप दिला, तिला ते मिळाले नाही. जुन्या लाकडावर काय फुलत होते, हे न पाहता आम्ही कापले होते. त्या मंडळींची आम्ही इथे, सर्वांसमोर क्षमा मागतो.

येत्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या मागच्या खोलीत जुने गायक आणि तरुणांचा गायनवृंद एकत्र बसणार आहेत. ज्यांच्याकडे हाताने लिहिलेल्या गीतांच्या वह्या असतील त्यांनी त्या घेऊन याव्यात. पाने सुटलेली असली तरी चालतील. चाल लिहून ठेवता येत नाही, ती तोंडाने शिकवावी लागते, म्हणून मुलांनी वेळेवर यावे. आठ जणांनी येतो म्हणून सांगितले आहे. ज्यांनी अजून होकार दिलेला नाही त्यांच्या घरी आम्ही या आठवड्यात जाऊ.